पायऱ्या आणि खुर्च्या

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना मंडई म्हटली की भाजीबाजार आठवेल. आमची मंडई ही जत्रा असते. दिवसा दंडार, पाहुण्यांची वर्दळ, नव्या जावयाचे कौतुक आणि रात्री पहाटेपर्यंत चालणारे नाटक. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातले आमचे दिघोरी या प्रकाराला अपवाद नाही. नाटकाच्या मांडवात पुढे खुर्च्या असतात आणि मागे जमीन. खुर्चीवरची मंडळी जांभया देतात, जमिनीवरची मंडळी शिट्ट्या मारतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

हे खुर्चीपुराण एवढ्यासाठी की गेल्या वर्षी मी एका खुर्चीच्याच भानगडीत सापडलो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. खेळांशी माझा संबंध प्रेक्षकापुरता. तरीही मैदानाच्या नूतनीकरणासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात माझे नाव निघाले. कारण उघड होते: अर्ज आणि विनंत्या कोणीतरी शुद्ध मराठीत लिहायला हव्या होत्या! समितीपुढे नकाशा आला. मैदानाच्या एका अंगाला छपराखाली खुर्च्या, त्यांच्यापुढे पाहुण्यांसाठी सोफा, मधोमध उद्घाटनाची कोनशिला. सगळे कसे झकास होते. चहा घेऊन आलेले आमच्या मैदानाचे वयस्क शिपाई मागे उभे राहून नकाशा न्याहाळत होते. गेली वीसेक वर्षे मैदानावर चुन्याच्या रेघा तेच मारतात. ते हळूच मला म्हणाले,

"सर, यात गावचे लोकं कुठं बसतीन जी?"

मी नकाशा उलटसुलट पाहिला. गावचे लोक त्यात नव्हतेच. आजवर ते लिंबाच्या झाडाखाली, बांधावर, सायकलच्या कॅरिअरवर बसून सामने पाहत आले होते, आणि नकाशात लिंबाच्या जागी कोनशिला होती.

प्रश्न मनात घेऊनच मी उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मुंबईस गेलो. उतरलो गिरगावात, मामांकडे. मामा बँकेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे. पण क्रिकेटचा विषय निघाला की विशीतले होतात. त्यांना आमच्या समितीची कथा सांगितली, तशी ते मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, हाच तंटा मुंबईत झाला होता. त्या तंट्यातूनच तर वानखेडे उभे राहिले. चल, तुला दाखवतो."

वानखेडे स्टेडियमची कथा सांगायची, तर ती त्याच्या शेजाऱ्यापासून सांगावी लागते. चर्चगेटजवळ समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम बांधून पुरे केले. जागा मिळवण्यामागे अँथनी डिमेलो यांची खटपट होती. गव्हर्नरसाहेबांचे नाव देण्याच्या बोलीवर त्यांनी सरकारकडून जमीन पदरात पाडून घेतली, ही गोष्ट त्या काळी मोठ्या चवीने सांगितली जात असे. ब्रेबर्न फार देखणे. हिरवळीला लागून क्लबाची इमारत, वेताच्या खुर्च्या, सज्जे. पण घर क्लबाचे आणि कसोटी सामन्यांचे यजमानपद मुंबई क्रिकेट संघटनेचे, अशी ती व्यवस्था होती. एका चाळीत दोन बिऱ्हाडांना एक मोरी असावी, तशातली गत! तिकिटे किती क्लबाच्या सभासदांना आणि किती संघटनेच्या संलग्न क्लबांना, यावरून दरवर्षी भांडी वाजत. क्लबाच्या अध्यक्षपदी विजय मर्चंट होते. फलंदाज म्हणून ज्यांच्या बचावाला तोड नव्हती, ते तिकिटांच्या प्रश्नातही क्रीज सोडायला तयार नव्हते, एवढेच म्हणावेसे वाटते.

दुसऱ्या बाजूला होते शेषराव वानखेडे. आम्हा वैदर्भीयांना या नावाचे विशेष अगत्य, कारण हा गृहस्थ नागपूरकडचा. १९७२ पासून ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट संघटनेचेही अध्यक्ष. मर्चंट आणि वानखेडे यांच्यात नेमके काय बोलणे झाले, याच्या निरनिराळ्या कथा आहेत. प्रत्येक सांगणारा त्यात आपली फोडणी घालतो. निष्पन्न झाले ते मात्र सर्वांसमोर आहे. भाडेकरू चिडला आणि म्हणाला, आम्ही आमचे घर बांधतो. आणि त्याने ते बांधले, तेही घरमालकाच्या दारातून दिसेल इतक्या जवळ!

चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्टेशनांच्या मध्ये रेल्वेच्या रुळांना लागून मैदानाची जागा होती. वास्तुविशारद होते शशी प्रभू. सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. मुंबईत एखाद्या चाळीचा जिना दुरुस्त करायला याहून अधिक वेळ लागतो, असे मामांचे म्हणणे. ब्रेबर्नवर १९७३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली होती. पुढची मुंबईची कसोटी १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर भरली. पाहुणे होते क्लाइव्ह लॉइडचे वेस्ट इंडीज.

मामा त्या सामन्याला गेले होते. बँकेतून रजा काढून, आईने शिवलेली उशी काखोटीला मारून. "उशी कशाला?" मी विचारले. "सिमेंटवर बसून पाहा म्हणजे कळेल," मामा म्हणाले. लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे द्विशतक झाले तेव्हा एक उत्साही प्रेक्षक त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला झोडपले. ते पाहून प्रेक्षक खवळले, दंगल झाली आणि खेळ थांबला. मामा सांगतात, "आम्ही लॉइडवर रागावलो नव्हतो, त्याने आमच्या गोलंदाजीचे पीठ केले तरी. आम्ही रागावलो ते त्या पोराला मारले म्हणून." पाहा कशी गंमत आहे: प्रेक्षकांच्या जागेवरून झालेल्या भांडणातून जे मैदान जन्मले, त्याच्या पहिल्याच कसोटीत प्रेक्षकाने आपली जागा सोडली आणि मार खाल्ला.

तो सामना आपण २०१ धावांनी हरलो. पण त्यात एक गोष्ट घडली, ती मला लॉइडच्या द्विशतकाहून मोठी वाटते. वानखेडेवरचे भारताचे पहिले कसोटी शतक एकनाथ सोलकरने काढले, १०२ धावा. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे माळी. मैदानाच्या कडेच्या खोलीत हा मुलगा वाढला. रोलर, पाण्याची नळी आणि गवत यांच्या संगतीत त्याचे बालपण गेले. पुढे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या खिशात हात घालता येईल इतक्या जवळ उभे राहून, त्याने जे झेल घेतले, त्यांची वर्णने करताना जुनी माणसे आजही दोन्ही हात पुढे करून वाकतात. कसोटीत त्याचे ते एकच शतक. नव्या वास्तूत पहिला मंगलकलश माळ्याच्या मुलाने ठेवला, ही गोष्ट मला आमच्या शिपाईकाकांना सांगायची होती, म्हणून मी ती वहीत उतरवून घेतली.

त्यानंतरचा इतिहास घरोघर पाठ आहे, म्हणून लांबवीत नाही. १९८५ साली रवी शास्त्रीने बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले ते इथेच. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ग्रॅहम गूचने झाडू मारावा तसे स्वीप मारून आपल्याला घराबाहेर काढले तेही इथेच. २०१३ च्या नोव्हेंबरात सचिनने इथेच खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला. आणि २०२१ साली मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना भारताचे एका डावातले दहाच्या दहा गडी बाद केले. परक्या घरी दिलेल्या मुलीने माहेरी येऊन सगळ्यांना गप्प करावे, तसे!

माझे लक्ष होते ते नूतनीकरणावर. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईला मिळाला आणि वानखेडेची जुनी अंगकाठी त्याला पुरेना. उत्तर आणि दक्षिण बाजूचे स्टँड पाडून नवे बांधण्यात आले, उरलेल्या बाजूंची डागडुजी झाली. काम चालू असताना २००९ च्या डिसेंबरात श्रीलंकेविरुद्धची कसोटी आली. सामना कुठे भरवायचा? घर उकरून ठेवलेले. मग ती कसोटी ब्रेबर्नवर झाली, ३६ वर्षांनंतर! रागाने वेगळे बिऱ्हाड केलेल्या भाडेकरूला घरदुरुस्तीच्या वेळी पुन्हा जुन्या मालकाच्या ओटीवर सतरंजी टाकावी लागली. वीरेंद्र सेहवागने तिथे २९३ धावा करून त्या सतरंजीचे भाडे चुकते केले, आणि तो सामना जिंकून भारत कसोटी क्रमवारीत पहिला आला. या तंट्याचा आणखी एक गोड शेवट वानखेडेवर गेल्यावर दिसतो. तिथल्या एका पॅव्हिलियनवर विजय मर्चंट यांचेच नाव आहे. भांडण भांडणाच्या जागी आणि मान मानाच्या जागी, ही मुंबईकरांची रीत मला आवडली.

मामांच्या ओळखीने एका दुपारी आम्हाला स्टेडियम आतून पाहायला मिळाले. सामना नव्हता. रिकाम्या निळ्या खुर्च्यांच्या रांगा, खाली हिरवे मैदान आणि मध्ये तांबड्या मातीची पट्टी. छत पाहून मी थक्क झालो. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या हलक्या कापडाचे ते छत खांबांचा अडथळा न आणता प्रेक्षकांच्या डोक्यावर पुढे आले आहे. छपराला पंखे बसवले आहेत. ते स्टँडमधली गरम हवा वर ओढून घेतात आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला वाट करून देतात. वर जायला लिफ्ट आहेत. पूर्वी खांबाआड बसावे लागले की मामा अर्धा सामना कानाने पाहत. आता तशी सोय उरली नाही, म्हणून त्यांनी थोडी हळहळही व्यक्त केली!

पण खुर्ची पायरीपेक्षा जास्त जागा खाते. माणसे पायरीवर सरकून बसतात, "जरा आत व्हा" म्हटले की आणखी दोघे मावतात. खुर्ची सरकत नाही. पूर्वी चाळीस हजारांच्या आसपास लोक मावत, तिथे आता सुमारे ३३,००० बसतात. मामा एका खुर्चीत बसले, हात टेकवायला जागा शोधली, ती सापडली, आणि म्हणाले, "छान आहे. फक्त इथे बसायला मिळायला हवे."

२ एप्रिल २०११ ला धोनीने कुलशेखराचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि २८ वर्षांनी विश्वचषक घरी आला. तो चेंडू जिथे पडला, तिथल्या खुर्च्याही आता स्मारक म्हणून राखल्या आहेत. पण त्या दिवशी स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर राहणारे आमचे मामा चाळीच्या गच्चीवर दूरदर्शन संच लावून बसले होते. त्या अंतिम सामन्याची सर्वसामान्यांना विकायला काढलेली तिकिटे सुमारे ४,००० होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. ३३,००० पैकी ४,०००! बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, निमंत्रित यांत वाटली गेली. क्लबांना तिकिटे मिळू नयेत असे मी म्हणणार नाही. मैदानांवर उन्हात पोरे घडवतात ते हेच क्लब, आणि १९७३ चे भांडणही त्यांच्याच हक्कासाठी होते. ते भांडण ते जिंकले, हेही न्यायाचेच झाले. पण ज्याचा कुठलाच क्लब नाही, त्या माणसाच्या वतीने भांडायला दोन्ही वेळा कोणी नव्हते.

इतके सारे पाहून मी जुन्या पायऱ्यांची बाजू घेऊन परतलो असतो. खुर्च्या नकोत, पायऱ्याच बऱ्या, असे एक झणझणीत टिपण समितीपुढे वाचायचे मी ठरवूनही टाकले होते. पण परतीच्या गाडीत, इगतपुरी मागे पडल्यावर, मला बाबांची आठवण झाली आणि टिपण मनातल्या मनात फाटले.

बाबा प्राथमिक शिक्षक. क्रिकेट हा त्यांचा एकमेव षौक. १९८७ साली नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यातले आपले एकुलते एक शतक काढले आणि त्याच सामन्यात चेतन शर्माने ओळीने तीन त्रिफळे उडवले, तेव्हा बाबा तिथे होते. ही कथा त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की मला वाटे, मीही तिथे होतो. पुढे २६ नोव्हेंबर १९९५ ला न्यूझीलंडचा संघ पुन्हा नागपूरला आला, तेव्हा मी शाळेत होतो आणि बाबा मला घेऊन गेले. पहाटेच्या एसटीने, फडक्यात भाकरी बांधून.

त्या दिवशी न्यूझीलंडने ३४८ धावांचा डोंगर रचला. आणि त्याच दिवशी मैदानावरच्या एका प्रेक्षागृहाची भिंत कोसळली. खेळ पाहायला आलेली माणसे प्राणाला मुकली. आम्ही दूरच्या बाजूला होतो. प्रथम काही कळले नाही. धूळ दिसली, माणसांचा लोंढा सरकताना दिसला, मग कानोकानी बातमी आली. सामना पुढे चालू राहिला. बाबांनी माझे मनगट धरले आणि सामना सोडून आम्ही निघालो. जिन्यावर गर्दी होती. त्या जिन्यात माझे पाय किती वेळ जमिनीला लागले नव्हते, ते मला सांगता येणार नाही. बाबांच्या मुठीची पकड तेवढी आठवते. मनगटावर चार दिवस वळ होते.

तेव्हा आमच्या घरी टेलिफोन नव्हता. आईने बातमी रेडिओवर ऐकली होती. रात्री उशिरा आम्ही घरी पोचलो, तेव्हा ती ओसरीत कंदील घेऊन बसली होती. ती काहीच बोलली नाही. तिने भाकरीचे फडके घेतले, ते तसेच बांधलेले होते, आणि ती आत गेली.

बाबा त्यानंतर मैदानावर कधी गेले नाहीत. २००८ साली नागपूरचे मोठे सामने शहराबाहेर जामठ्याच्या नव्या, ऐसपैस स्टेडियमवर गेले. मी दोनदा आग्रह केला. ते म्हणत, "टीव्हीवर चांगलं दिसते." पण त्यांना एक सवय मात्र लागली ती शेवटपर्यंत. लग्नाचा मांडव असो, नाटक असो, आत गेल्यावर ते प्रथम बाहेर जायची वाट पाहून ठेवत. वाट अरुंद असली की आम्ही कडेला बसायचो.

गाडीत मला वानखेडेच्या त्या नव्या जिन्यांची आठवण झाली. छत आणि खुर्च्या पाहण्याच्या नादात मी त्यांच्याकडे नीट लक्षच दिले नव्हते. चाळीस हजारांचे तेहेतीस हजार झाले, त्याचा हिशेब मी फक्त गमावलेल्या जागांत करत होतो. माणसामाणसांमध्ये मोकळी सोडलेली जागा, हीसुद्धा जागाच असते, हे मला एका अरुंद जिन्यात शिकूनही आठवले नव्हते. मामांचे म्हणणे खरे होते आणि बाबांची सवयही खरी होती. समितीपुढे काय सांगावे, हे तुमसर रोड येईपर्यंत ठरेना.

शेवटी बैठकीत मी टिपण वाचलेच नाही. तोंडी बोललो. वानखेडे, मर्चंट, मामांची उशी, बाबांचा जिना, सगळे जसे सुचले तसे सांगितले. अध्यक्ष शांतपणे ऐकून म्हणाले, "प्राध्यापकमहाराज, कथा छान आहे. आता आकडे सांगा." आकडे अर्थातच माझ्याजवळ नव्हते. ते शिपाईकाकांजवळ निघाले! कोणत्या सामन्याला कुठल्या बाजूला किती लोक बसतात, बायका कुठे बसतात, ऊन कोणत्या वेळी कुठे येते, शाळा सुटल्यावर पोरे कुठून घुसतात, हे सारे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. समितीत एवढा जाणकार माणूस चहा घेऊन येत होता आणि आम्ही साखर कमी-जास्त एवढेच त्याच्याशी बोलत होतो.

दोन तास वाद झाला. सोफा गेला. खुर्च्या राहिल्या, पण वर छपराखाली गेल्या; मैदानाला लागून लांब पायऱ्या आल्या, रांगेत ठरावीक अंतरावर मोकळी वाट सोडून. लिंबाचे झाड वाचले, कोनशिला फाटकाजवळ गेली. पैसे अजून पुरे जमलेले नाहीत, त्यामुळे यंदा पूर्वेकडच्या पायऱ्याच होतील. त्यांचा अर्ज मी लिहिला आहे. त्यात एकही अलंकार नाही.

२०२५ च्या जानेवारीत वानखेडेला ५० वर्षे झाली. १४,५०५ चेंडू मांडून मैदानावर एक वाक्य लिहिण्यात आले. तो विश्वविक्रम ठरला आणि तो एकनाथ सोलकरच्या स्मृतीला वाहण्यात आला. ते चेंडू पुढे शाळांतल्या आणि क्लबांतल्या होतकरू मुलांना द्यायचे ठरले. ही बातमी मी शिपाईकाकांना वाचून दाखवली. सोलकरची कथा त्यांना आधीच सांगितली होती. "माळ्याचं पोरगं," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

परवा पायऱ्यांची आखणी झाली. कंत्राटदाराच्या माणसाने दोरी धरली, काकांनी चुना टाकला. पायऱ्यांच्या मधल्या वाटेची रेघ मारून झाल्यावर त्यांनी कबड्डीच्या चार पोरांना हाक मारली आणि खांद्याला खांदा लावून त्या दोन रेघांतून चालायला लावले. पोरे हसत चालली. एकाचा पाय रेघेवर पडला.

काकांनी चुन्याची पाटी उचलली आणि कंत्राटदाराच्या माणसाला म्हणाले, "अजून एक हात सरकवा जी."